एकास एक मापाचे देवरे नाना

रोज सकाळी सहाच्या सुमारास माझ्या डोक्यावर हातोडीचे दोन टोले पडत. डोक्यावर म्हणजे छतावर. परंतु तिसऱ्या मजल्यावर, गच्चीच्या नेमका खाली ज्याचा पलंग आहे, त्या माणसास हा भेद त्या क्षणी उमगत नाही. टोल्यांनंतर सुतळी ओढल्याचा खरखराट, मग चपलांची एक गोल फेरी, आणि त्यानंतर अर्धा तास संपूर्ण शांतता. त्या अर्ध्या तासात आमच्या संस्थेच्या तळमजल्यावरील रहिवासी श्री. देवरे स्वतःचे माप घेत असत.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. उंची, छाती, कंबर असले माप नव्हे. आदल्या दिवशी आपण किती रागावलो आणि काय करायचे राहून गेले, याचे माप. तेही मिलिमीटरमध्ये.

मी न्यायालयात शिरस्तेदार होतो. एकतीस वर्षे कागद ज्या क्रमाने यायला हवा त्या क्रमाने आणवून घेतला. मी संतापी आहे, हे मी नाकारीत नाही; परंतु माझा संताप नेहमी टंकलिखित, दिनांकित आणि दोन प्रतींत असतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस इंदिरानगरातील सह्यगिरी सहकारी गृहनिर्माण संस्थेत मी सदनिका घेतली, ती उपविधी आधी वाचून आणि नळ नंतर पाहून. म्हणूनच सामाईक गच्चीच्या मध्यभागी कोणी आठ मिलिमीटरचे भोक पाडून त्यात पितळी खुंटी ठोकतो, हे मला कळले तेव्हा मी आरडाओरडा केला नाही. टंकलेखन यंत्रावरचे आच्छादन काढले.

पण त्या पत्रांकडे वळण्यापूर्वी हा गृहस्थ काय होता ते सांगितले पाहिजे.

देवरे नाना मूळचे सटाण्याकडचे. अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमचे हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले. अंगाने काटकुळे, कानावर टू-एच पेन्सिल आणि शर्टाच्या खिशात व्हर्नियर कॅलिपर. हा कॅलिपर शोभेचा नव्हता. कोपऱ्यावरच्या भाजीच्या गाडीपाशी मी त्यांना कांद्याचे दोन व्यास घेताना पाहिले आहे.

"मावशी, हा गोल नाही. चार मिलिमीटरने अंडाकृती आहे."

"लय मोजू नका नाना," मावशी म्हणाली. "फोडणीत गेल्यावर कोणी विचारत नाय त्याला, गोल होता का चपटा!"

एकदा संस्थेतील एका लग्नात अंतरपाट धरायचा मान त्यांना मिळाला. मंगलाष्टके सुरू झाली तरी नाना एक डोळा मिटून वधूवरांच्या मधली मध्यरेषा पाहत होते. "नवरदेव, अर्धा इंच डावीकडे," ते भर मांडवात म्हणाले. नवरदेव सरकला. गुरुजी थांबले. नानांनी मान हलवल्यावरच पुढचे अष्टक सुरू झाले.

ते बोलत तेही ड्रॉइंग ऑफिसच्या भाषेत. माणूस जरा चुकला तर "टॉलरन्समध्ये आहे, जाऊ द्या." फारच चुकला तर "रिजेक्ट." आणि कोणी नवी कल्पना सांगितली, मग ती संस्थेच्या पाण्याच्या टाकीविषयी असो की नातवाच्या नावाविषयी, की त्यांचे ठरलेले वाक्य येई: "तपासल्याशिवाय इश्यू नाही."

या वाक्याचा अर्थ त्यांनीच मला जिन्यात एकदा समजावून सांगितला. कारखान्यातल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तीत 'काढले' असा एक रकाना आणि 'तपासले' असा दुसरा. दोन्ही रकान्यांत एकाच माणसाची सही चालत नाही, आणि दुसरी सही झाल्याशिवाय ड्रॉइंग कामावर पाठवीत, म्हणजे 'इश्यू' करीत नाहीत.

"साहेब, कितीही मोठा ड्राफ्ट्समन असू द्या, स्वतःचं ड्रॉइंग स्वतः तपासायचं नाही. डोळा आपलाच आणि हातही आपलाच. दोघं एकमेकांना सांभाळून घेतात."

तत्त्व म्हणून हे मला मान्य होते. हितसंबंध असलेल्या व्यक्तीने न्यायनिवाडा करू नये, हेच आमच्याकडेही सांगतात. परंतु त्या वेळी मी ही मान्यता तोंडाने दिली नाही, कारण माझे पत्र क्रमांक दोन तेव्हा अनुत्तरित होते.

नानांच्या पत्नी शोभाताई आम्ही राहायला येण्यापूर्वीच वारल्या होत्या. मुलगी नांदगावला दिलेली, ती दर रविवारी फोन करून "बरे आहात ना?" असे विचारी. ही तपासणी नव्हे, असे नानांचे ठाम मत होते. "उत्तर आधीच भरून प्रश्न पाठवते," ते म्हणत.

शोभाताईंना जाऊन वर्ष होत आले तेव्हा आमचे सचिव श्री. बोरस्ते यांनी नानांना बळेच एका आत्मचिंतन शिबिरास नेले. बोरस्ते द्राक्षबागांच्या औषधांचे दुकान चालवतात आणि माणसालाही काही तरी फवारले की तो बरा होतो, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. शिबिर घेणाऱ्या बाईंनी प्रत्येकाला ताटलीएवढे वर्तुळ छापलेला कागद आणि बारा स्केचपेने दिली. हे तुमचे स्वतःचे मंडल आहे, मनात येईल तसे भरा, यात तुम्हीच तुम्हाला दिसाल, असे त्या म्हणाल्या. सगळे कमळे रंगवू लागले. नानांनी हात वर केला.

"मॅडम, प्रमाण किती?"

"कसलं प्रमाण, काका?"

"माणूस साडेपाच फुटांचा, कागद नऊ इंचांचा. इतक्या लहान प्रमाणात चुका दिसत नाहीत."

"काका, इथे चूक असं काही नसतंच!" बाई प्रेमाने म्हणाल्या.

नानांनी बाराही पेनांना टोपणे लावली, मोजून परत दिली आणि रिक्षा करून घरी आले. "ज्याच्यात चूक नसते ते ड्रॉइंग नाही, जाहिरात," असा त्यांचा अभिप्राय बोरस्त्यांनी मला नंतर सांगितला. त्याच आठवड्यात, जूनअखेरीस, गच्चीत खुंटी ठोकली गेली. नानांनी स्वतःचे मंडल एकास एक प्रमाणात काढण्याचे ठरवले होते.

रचना अशी. वर्तुळाचा व्यास तीनशे पासष्ट सेंटिमीटर. वर्षाचे दिवस तितकेच. असा व्यास घेतला की परिघावर प्रत्येक दिवसाच्या वाट्याला तीन पूर्णांक चौदा शतांश सेंटिमीटर येतात. हा हिशेब जुळल्याचा नानांना इतका आनंद झाला होता की ते तो जिन्यात भेटेल त्याला सांगत, दूधवाल्यालासुद्धा. दररोज सकाळी खुंटी सैल तर झाली नाही ना, हे दोन टोले देऊन पाहायचे, सुतळी ताणायची, आणि आदल्या दिवसाच्या घरात रेघ काढायची. दिवस शांतपणे गेला तर पांढरी रेघ परिघावरून सरळ. रागावलो तर जितका राग तितकी ती गेरूच्या रंगात बाहेर फुगायची. काही करायचे राहिले तर निळ्या रंगात आत, केंद्राकडे शिरायची. बाजूला तीन मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत कारण. सगळे ऑइलपेंटमध्ये, म्हणजे खोडता येऊ नये.

चांगले काही केले तर त्याला रंग कोणता, असे आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना एकदा विचारले.

"ताई, पार्ट मापात आला तर ड्रॉइंगवर शाबासकी लिहीत नाहीत," नाना म्हणाले.

गंमत अशी झाली की दुरून पाहणाऱ्यास ते वर्तुळ अतिशय देखणे दिसे. तांबड्या पाकळ्या, निळ्या जिभा. पाण्याची टाकी पाहायला वर गेलेल्या बायका तिथेच रेंगाळत. आमच्या मजल्यावरच्या एका सूनबाईंनी रांगोळी स्पर्धेसाठी ते उतरवून घ्यायची परवानगी मागितली. नाना व्यथित झाले.

"अगं, ती फुलं नाहीत. राग आहे तो. ही मोठी पाकळी म्हणजे धाकट्या भावाशी फोनवर झालेलं भांडण. ते तू तुझ्या दारात कसं काढशील?"

हे सर्व मला ऐकीव माहीत होते. मी स्वतः वर गेलो नव्हतो. याला गुडघेदुखी हे एक कारण होते, परंतु मुख्य कारण तात्त्विक होते. आक्षेपार्ह बांधकामावर जाऊन कौतुकाने उभे राहणे म्हणजे मूकसंमती. गच्चीवर मी राहायला आल्या दिवशी स्वहस्ते नेऊन ठेवलेल्या शेवंतीच्या अकरा कुंड्या होत्या. त्यांना पाणी घालायला सौ. सुमती रोज वर जाई. तिची संमती ही माझी संमती नव्हे, हे मी पत्र क्रमांक तीनमध्ये स्पष्ट केले आहे.

त्याच सुमारास माझ्या दिवाणखान्याच्या छतावर ओल आली होती. सप्टेंबरात ती पेल्याएवढी होती, दिवाळीत परातीएवढी झाली. पाऊस संपला तरी ती वाढत होती. वर भोक, खाली ओल. कार्यकारणभाव सिद्ध करण्यास याहून अधिक काय लागते? मी पुढची पत्रे लिहू लागलो.

पत्र क्रमांक चार: विषय, सामाईक स्लॅबला छेद देऊन खालील सदनिकेस नुकसान पोहोचविल्याबाबत. पत्र क्रमांक पाच: विषय, पहाटेच्या ठोकाठोकीबाबत, संदर्भ, माझे पत्र क्रमांक एक ते चार. पत्र क्रमांक सहा दोन पानी होते आणि त्यात नानांच्या वर्तनातील चौदा उणिवा क्रमवार नमूद केल्या होत्या. प्रत्येक पत्र मी स्वतः तळमजल्यावर नेऊन देई आणि कार्बन प्रतीवर पोच घेई.

नाना पोच देत, पण लेखी उत्तर देत नसत. दुसऱ्या दिवशी पत्र हातात घेऊन तीन मजले चढून येत आणि दारात उभे राहून बोलत.

"साहेब, परिच्छेद तीन बरोबर आहे. काल दूधवाल्यावर मी ओरडलो. परिच्छेद सात टॉलरन्समध्ये आहे. परिच्छेद नऊ मात्र मला पटला नाही, पण भाषा फार स्वच्छ."

"मला लेखी खुलासा हवा."

"लिहिलाय की. वर."

"वर म्हणजे?"

"गच्चीवर. या ना बघायला."

"मी येणार नाही!"

"बरं," असे म्हणून ते पत्राची घडी घालीत. सरळ चार घड्या नव्हेत. ब्लूप्रिंट जशी नावाची चौकट वर राहील अशी घालतात, तशी. माझे नाव आणि सही वर राहत असे.

"अहो, पत्रं लिहिण्याऐवजी एकदा वर जाऊन बघा," सुमती म्हणे. "मला तर वाटतं ते तुमच्या पत्राची वाट बघतात."

"आरोपी नोटिशीची वाट पाहत नसतो," मी तिला सांगितले.

तेरा पत्रांनंतर प्रकरण सर्वसाधारण सभेपुढे गेले. जूनचा पहिला आठवडा होता. वाहनतळावर खुर्च्या मांडल्या होत्या. ठराव मी मांडला: गच्चीवरील खुंटी उपटावी, रंगकाम खरवडून काढावे आणि पावसाळ्यापूर्वी संपूर्ण गच्चीचे जलरोधन करून घ्यावे.

बोरस्ते कळवळले. "जाऊ द्या ना साहेब. लय भारी दिसतंय ते वरून. माझे पाहुणे बघायला येतात."

"सौंदर्य हा उपविधीतील अपवाद नाही," मी म्हणालो.

मग नाना उठले. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी हातात धरली होती. ते खुंटीविषयी बोलले नाहीत, माझ्याविषयीही नाहीत.

"वर्तुळ बंद व्हायला तेवीस दिवस बाकी आहेत," ते म्हणाले. "तेवढे द्या. एकदा बंद झालं, कोणी तपासलं, की मी स्वतः खरवडून देतो. अर्धवट ड्रॉइंग मी आयुष्यात टेबलावर ठेवलेलं नाही."

"कायद्यात सवलतीचे दिवस नसतात," मी उत्तर दिले. ते वाक्य मला तेव्हा फार आवडले होते. ठराव सात विरुद्ध चार मतांनी संमत झाला. नाना कोणाकडे दाद मागत बसले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे दोन टोले पडले. ते नेहमीपेक्षा जोरात नव्हते, हळूही नव्हते. हे मला जास्त झोंबले.

चौथ्या दिवशी जलरोधनाचे काम करणारे मालेगावचे सलीम मिस्त्री पाहणीस आले. तक्रारदार या नात्याने मी उपस्थित राहणे आवश्यक होते. स्थळपाहणी म्हणजे संमती नव्हे, असे मी बोरस्त्यांना इतिवृत्तात नोंदवायला लावले आणि मग जिना चढलो.

सलीमभाईंनी खुंटीभोवती बादलीभर पाणी ओतले, गुडघ्यावर बसून कान लावला, बोटाने कडा चाचपल्या.

"साहेब, ये छेद तो एकदम पॅक आहे. शिसं ओतलंय आत. ज्यानं केलं तो कारीगर माणूस. इथून थेंब जाणार नाही."

"मग ओल कुठून येते?"

ते उठले आणि कठड्याच्या कडेने चालू लागले. माझ्या दिवाणखान्याच्या बरोबर वरच्या कोपऱ्यात थांबले. तिथे शेवंतीच्या अकरा कुंड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. त्यांनी दोन सरकवल्या. खाली पाणी वाहून जाण्याचे तोंड होते, आणि ते कुंड्यांतून रोज गळलेल्या मातीने गच्च बुजले होते. मुळे थेट फटीत शिरली होती.

"हे बघा. रोज पाणी घालता, रोज इथे मुरतं. पावसाचा काय संबंध!" सलीमभाई म्हणाले. "कुंड्या कोणाच्या?"

 

"आमच्या," सुमती म्हणाली.

बोरस्ते अचानक खोकू लागले आणि सलीमभाईंना चहाला घेऊन खाली गेले. सुमतीही गेली. मी मान खाली घातली, म्हणून माझी नजर त्या वर्तुळावर प्रथमच जवळून पडली. कुंड्यांच्या बाजूस परिघाचा अर्ध्याहून मोठा भाग निळा होता. एक दोन जिभा नव्हेत, आत शिरलेला सलग निळा पट्टा. मी वाचायचा चष्मा लावून वाकलो. प्रत्येक दिवसाच्या घरात तीच अक्षरे होती: 'कुंड्या. सांगितले नाही.' 'कुंड्या. सांगितले नाही.' मी मोजले. एकशे ब्याण्णव दिवस.

नाना खुंटीपाशी उभे होते.

"तुम्हाला माहीत होते?"

"नोव्हेंबरात दिसलं. झाडताना."

"मग सांगितले का नाहीत?" माझा आवाज चढला होता. तो चढण्याचा मला अधिकार होता. माझे छत सहा महिने भिजत होते.

"सांगायलाच निघालो होतो साहेब. जिन्यातच तुम्ही भेटलात आणि सहावं पत्र हातात दिलंत. दोन पानी." त्यांनी खिशातला कॅलिपर चाचपला. "शोभा चौथी शिकलेली. पण रोज संध्याकाळी मेथी निवडायला बसली की मी तिला दिवस सांगायचो, पहिल्यापासून. ती ऐकून आमच्या अहिराणीत एक तर 'बरं शे', म्हणजे ठीक आहे, म्हणायची, नाही तर बोट ठेवायची, 'आठे चुकनं', इथे चुकलं. एवढंच. ती गेल्यावर मला चुकलो म्हणून सांगणारं कोणी राहिलं नाही. सगळे म्हणतात, नाना, तुम्ही फार चांगले. आणि तुम्ही तर चौदा चुका लिहिल्या होत्या, क्रमवार. दोन वेळा वाचलं ते. म्हटलं, ओल कुठली ते सांगितलं तर पत्रं बंद होतील."

ते खाली वाकून निळ्या पट्ट्यावरून बोट फिरवू लागले.

"तुमचं छत मी भिजू दिलं. ही चूक टॉलरन्समध्ये बसत नाही. रिजेक्ट आहे ही."

मी संतापलो होतो. एकशे ब्याण्णव दिवस एक माणूस माझे नुकसान उघड्या डोळ्यांनी पाहत राहतो, ही गोष्ट कोणत्याही कायद्यात क्षम्य नाही. तितकेच दिवस तो ती न चुकता, न पुसता येणाऱ्या रंगात लिहूनही ठेवतो, याची तरतूद मात्र मला कुठे सापडेना. मी खाली आलो आणि टंकलेखन यंत्र उघडले.

पत्र क्रमांक चौदा मी सचिवांना लिहिले. सभेची नोटीस निघाल्याचा दिवस आणि सभेचा दिवस वगळून मध्ये पूर्ण चौदा दिवस असावे लागतात. ते तेराच भरतात. सबब सदर सभेतील ठराव मुळातच अवैध असून त्यावर कोणतीही कार्यवाही करता येणार नाही. नवी सभा बोलवायची तर आधी समितीची बैठक, मग नव्याने नोटीस, मग काम, म्हणजे जून सहज उलटेल.

बोरस्ते पत्र घेऊन धावत वर आले. "साहेब, ठराव तुमचा! तुम्हीच मांडला, आता तुम्हीच पाडताय?"

"ठराव मांडणारा कोण, हे कायदा पाहत नाही, बोरस्ते. पोच द्या."

कुंड्या मी त्याच दिवशी हलवल्या. अकरा खेपा झाल्या आणि प्रत्येक खेपेला गुडघ्याने आपली हरकत नोंदवली. सलीमभाईंनी अर्ध्या दिवसात पाण्याचे तोंड मोकळे केले आणि फट बुजवली. परंतु त्यानंतर नानांना लिहावे असे माझ्याजवळ काहीच उरले नाही. मी जिन्यात समोर आलो तर ते कडेला होत. नजर माझ्या हाताकडे जाई. हातात पिशवी असे, पाकीट नसे.

तेविसाव्या दिवशी सकाळी टोले पडले आणि अर्ध्या तासाने दारावर थाप. नाना. हातावर ताजा पांढरा रंग.

"बंद झालं साहेब. मिलिमीटर चुकलं नाही." ते उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "पण तपासायला कोणी नाही."

मी चष्मा घेतला, माझ्या पत्रांची फाइल घेतली आणि वर गेलो.

कामचुकारपणा मी कधी केला नाही. तीनशे पासष्ट घरे मी क्रमाने वाचली, फाइलीतील कार्यालयीन प्रतींशी ताडून. ऊन चढले. सुमतीने दोन वेळा चहा आणून दिला. नाना सावलीत उकिडवे बसून होते, निकालाची वाट पाहणाऱ्या पक्षकारासारखे. साडेनऊच्या सुमारास मी फेब्रुवारीतील एका घरावर बोट ठेवले.

"येथे आत निळे आहे, परंतु बाहेरच्या बाजूस गेरू नाही."

"हो. त्या दिवशी राग नव्हता."

"माझे पत्र क्रमांक नऊ, परिच्छेद दोन. त्याच दिवशी केबल टाकायला आलेल्या माणसास, तार तिरपी गेली म्हणून, आपण 'आंधळा आहेस का' असे विचारलेत. मी जिन्यात होतो. येथे चुकले आहे."

नाना ताडकन उठले. त्यांनी प्रत हातात घेतली, वाचली, घरातली रेघ पाहिली, पुन्हा प्रत पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरले ते मी एखाद्या निर्दोष सुटलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरही पाहिलेले नाही.

"सापडली!" ते म्हणाले. "साहेब, सापडली चूक! मी विसरलोच होतो त्याला." आणि गेरूचा डबा आणायला ते अशा वेगाने खाली गेले की मला त्यांच्या वयाची आठवण करून द्यावी लागली.

पाकळी काढून झाल्यावर त्यांनी मला कठड्यालगत नेले. तिथे सव्वा फुटाची ती चौकट रंगवलेली होती. 'प्रमाण: एकास एक.' 'काढले: देवरे.' 'तपासले:' आणि पुढे कोरी जागा. त्यांनी बारीक कुंचला माझ्या हातात दिला. मी घाईत सही करणारा माणूस नाही. थोडा विचार करून मी लिहिले: 'तपासले. एक चूक आढळली, ती दुरुस्त करण्यात आली. सदर सहीमुळे सामाईक गच्चीच्या वापराबाबतच्या माझ्या हक्कास बाध येत नाही.' आणि खाली सही.

नानांनी ते दोन वेळा वाचले.

"शोभा दोन शब्दांत उरकायची," ते म्हणाले. मग बराच वेळ पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभे राहिले. मी फाइल आवरली. टाकीत पाहण्यासारखे काही नव्हते, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी सहाला जागा झालो. टोले पडले नाहीत. सव्वासहा झाले, साडेसहा झाले. वर्तुळ बंद झालेले होते. काढायचे काही उरले नव्हते. कारण समजण्याजोगे होते. तरी मी पलंगावर बसून छताकडे पाहत राहिलो. ओल आता वाळत आली होती.

"काय झालं?" सुमतीने विचारले.

"काही झाले नाही. तोच तर आक्षेप आहे," मी म्हणालो आणि यंत्रात कागद चढवला.

पत्र क्रमांक पंधरा. विषय: गच्चीचा नित्य प्रातःकालीन वापर कोणतीही पूर्वसूचना न देता बंद केल्याबाबत. महाशय, आपण काल एक वर्तुळ पूर्ण केले, ही बाब मान्य आहे. तथापि कालचा दिवस त्या वर्तुळात बसत नाही आणि तो अद्याप कोठेही नोंदलेला दिसत नाही. आपण काल नेमके काय केले व काय करावयाचे राहिले, हे तपासण्याचे काम त्यामुळे अडून राहिले आहे. सबब याबाबत आपला लेखी खुलासा तात्काळ सादर करावा. तोंडी खुलासा स्वीकारला जाणार नाही.

तळमजल्यावर जाऊन पत्र दिले. नाना बनियनवर, गुडघे जवळ घेऊन, खाटेवर बसले होते. त्यांनी पत्र वाचले. कानावर हात नेला. पेन्सिल तिथे नव्हती. ती त्यांनी टेबलाच्या खणातून शोधून काढली, कार्बन प्रतीवर पोच दिली आणि पोचेखाली, तीन मिलिमीटर उंचीच्या नेटक्या अक्षरांत, आणखी काही लिहिले.

ते मी जिन्यात वाचले. पंधरा पत्रांनंतर हाती आलेला तो त्यांचा पहिला लेखी खुलासा होता. दोनच शब्द: 'बरं शे.'

घरी येऊन मी ती प्रत फाइलीत लावत होतो, तेवढ्यात जिन्यात चपला वाजल्या आणि वर गेल्या. मी हातातले काम थांबवून ऐकत राहिलो. टोले दोन पडले.